केंगर

वान सरोवराच्या वरच्या उतारावर
बर्फ अजून सावलीसावलीनं पडून आहे.
पुढे आई, झरीफे. तिच्या हातात
दोनदा मोडून सांधलेली पहार,
माझ्या हातात नोंदवही.

पान ताठ, खोल चिरलेलं, कडेला काटे.
मधली शीर गुलाबी.
मोडलं की दूध.
मूळ... मी मोजायला वाकते.
“ते कशाला मोजतेस? ते घ्यायचंच नाही.”
मातीखाली चार बोटं जाऊन
आई कोंब तेवढा कापते, खड्डा टाचेनं बुजवते.
मुळाला काहीतरी पुटपुटते, मला ऐकू येत नाही.

फुलोऱ्याचं मी तिला समजावू पाहते:
एका बोंडात पाच-सहा फुलं,
बी धरतं ते मधलं एकच,
बाकीची भोवती राखण करत वाळतात.
“म्हणजे आमचंच घर,” ती म्हणते,
“पाच दीर, नि मूल मला एकटीला.”

प्रयोगशाळेत जांभळं द्रावण.
मुक्त मूलक म्हणजे
एक इलेक्ट्रॉन हरवलेला,
दिसेल त्याचा ओरबाडणारा.
केंगरच्या अर्काचे चार थेंब. अर्धा तास अंधार.
दार उघडलं, तर जांभळ्याचं पिवळं.
शंभरदा पाहिलंय, तरी पुन्हा पाहते.
कुणीतरी स्वतःजवळचं काढून दिलं,
भांडण मिटलं,
यंत्रानं आकडा छापला.

आकडा फोनवर सांगितला.
“बरा आहे का?”
“बरा आहे.”
“मग अंड्यात परतून खा. वाळलीस.”

नळीत घडलं ते रक्तात घडेलच असं नाही,
हे मी शोधनिबंधाच्या शेवटी लिहिलं.
लिहिलं नाही ते हे:
तिची बोटं एप्रिलभर काळी असतात.
दूध वाळतं, हवा लागते, डाग बसतो,
साबणानं जात नाही, राखेनं जात नाही.
लग्नाघरी ती हात शालीखाली ठेवते.
हवेनं जे करायचं, ते त्या दुधानं
आधी स्वतःवर घेतलेलं.
तोच काळा रंग. तोच माझा आकडा.
नोंदपत्रकात त्याला रकाना नाही.

ऑगस्टात झुडूप बुडाशी मोडतं
आणि वाऱ्याबरोबर गडगडत सुटतं.
एक आलं थेट विद्यापीठाच्या फाटकापर्यंत, अडकलं.
रखवालदार शेहमूसनं लाथेला पाय उचलला,
काटे पाहून खाली ठेवला.
आम्ही दोघांनी फाटक उघडलं.