जुना ब्रश

भद्रकालीत आमचं दुकान, सहा फुटी.
चुन्याचा कुंचा दारावरच टांगलेला;
आधी रात्रभर भिजवा, हे प्रत्येकाला सांगावं लागतं.
बाटलीचा, बुटाचा, कोटाचा, तारेचा.
तारेचा तांबट आळीत जातो
पातेल्यांच्या बुडाशी भांडायला.
अंबडहून एक पोरगा येतो, मोटारीचे कार्बन ब्रश मागतो.
बाबा रे, त्यांना केस नसतात,
ते पलीकडे, वायरिंगवाल्याकडे.
पुढच्या महिन्यात पुन्हा येतो.

जैबुनबी मात्र एकच नेते,
मऊ, दोन इंची,
आधी गालावरून फिरवून.
सराफ बाजार उघडायच्या आत
पेढ्यांच्या पायऱ्या, फरशीच्या फटी, गटारीचा काठ
झाडत जाते
तान्ह्याच्या पापण्या पुसाव्यात तशी.
घमेल्यात जमतं त्याला आपण धूळ म्हणतो.

झिजला ब्रश की जाळते. राख धुते.
"केसाकेसात अडकलेलं असतं गं,
गुंजेचा तुकडा का होईना."

अण्णांची रक्षा रामकुंडात सोडली
त्याच्या दुसऱ्या आठवड्यात
त्यांचा दाढीचा ब्रश मी टाकायला काढला.
मुळाशी साबण वाळलेला,
मूठ एका बाजूनं गुळगुळीत.
जैबुनबीनं तो उचलला,
अंगठ्यानं केस उलटे केले,
उजेडात धरून बघितलं
आणि गल्ल्याशेजारी उभा ठेवला.
"ह्यातलं जाळून निघायचं नाही."

मग दोन इंचीचे पैसे मोजले.
पाच रुपये कमी,
नेहमीसारखे.