चारचं चाळीस

पहाटे तीन वाजून दहा मिनिटं.
बाहेर निफाडकडून आलेला गारठा,
आत हौसाबाई भोये, सुरगाणा, बेड अकरा,
साखर दोनशे बत्तीस.
मी लिहिलं : इन्सुलिन, चार युनिट.
म्हणजे मला तसं लिहायचं होतं.
सव्वीस तास जागलेल्या हातानं
चारला चिकटून इंग्रजी यू काढला
आणि त्याचं वरचं तोंड मिटलं.

सिरिंज भरता भरता वाघचौरे सिस्टर थांबल्या.
"डॉक्टर, चाळीस?"
एवढंच. आवाज न चढवता,
सुटे पैसे पुन्हा मोजून घ्यावेत तसं.
हौसाबाई कूस बदलून घोरत राहिल्या.

सकाळी ओस्तवाल सर म्हणाले,
"काही झालं का? नाही ना?
मग फॉर्म कसला भरतेस!
हे कागद फिरतात, बाई.
परीक्षेच्या तोंडावर बरोबर सापडतात."
वाईट माणूस नाहीत ते.
त्यांनीच मला आपल्या पोह्यांतले अर्धे दिले.

जिन्यात तेजल म्हणाली, हळूच,
"माझंही झालं होतं. सप्टेंबरात. असाच यू.
मी ते पान फाडलं."
तिच्या पेशंटचं पुढे काय झालं
मी विचारलं नाही.
तिनं सांगितलं नाही.

आमचे पप्पा नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये होते.
शाई फाकलेला, आकडा हुकलेला कागद
तिथे कुणी चुरगाळून टाकत नसे.
खराब म्हणून त्याचीही मोजणी, त्यालाही सही;
एक कमी भरला तर पाळी सुटायची नाही.
आई भात पुन्हा गरम करायची.
पप्पा दारातूनच म्हणायचे, "सापडला."
कोणाच्या हातून बिघडला होता,
हे घरी कधी आलं नाही.

फॉर्म एक पानी.
झालेली इजा : नाही.
कारण : या रकान्याला दीड ओळ.
तीत सव्वीस तास बसेनात,
औषधांच्या टेबलावरची गेलेली ट्यूब बसेना,
मी समासात लिहीत गेले.
चूक कोणाची, तिथे माझं नाव.
कोणी अडवली, असा रकानाच नव्हता.
तो पेनानं आखला. वाघचौरे सिस्टर.

पेटी ओपीडीच्या वळणावर.
कागद आत पडला तेव्हा तळाचा पत्रा वाजला.

किल्ली कोणाकडे असते, विचारत फिरले
दुपारपर्यंत.
बेड अकरावरून हाक आली,
"पोरी, आज च्यात साखर चालंल का गं?"