हातउसने

निकाल लागून आज बावन्न दिवस झाले.
कागद अजून फ्रिजवर आहे, लोहचुंबकाखाली.
अपील मंजूर.
खाली तीन सह्या, त्यातली एक त्या डॉक्टरीणबाईंची
ज्या म्हणाल्या होत्या, मूठ मिटून दाखवा.

मिटेना.

एकोणीस वर्षं ग्रिम्सबीच्या गोदीत या हातांनी हॅडॉक कापला,
पहाटे चारपासून, बर्फाच्या पाण्यात.
चाळीस सेकंदांत एक मासा, काट्याला मांस न ठेवता.
आता बोटं अशी, की कुणीतरी हातमोजे
थंडीत वाळत घातले आणि विसरून गेलं.

मूठ झाकली असती तर सव्वा लाखाची राहिली असती.
माझी उघडीच, म्हणून सगळंच उघडं करावं लागलं त्या टेबलापुढे:
नळ कोण फिरवतं, ब्राचा हुक कोण लावतं,
संडासात किती वेळ जातो, आणि का.
त्यांनी लिहून घेतलं. मान्य केलं.
बसमध्ये पोलीन म्हणाली, आता काय बाई, राणी झालीस तू.
उतरल्यावर आम्ही चिप्सची एक पुडी दोघींत खाल्ली.
पैसे तिने दिले.

सोमवारी मी फोन लावते.
धरवत नाही, म्हणून पाव कापायच्या फळीवर, स्पीकर चालू करून.
एक्केचाळीस मिनिटं तेच व्हायोलिन,
मग कॅलम नावाचा पोरगा, आवाजावरून नुकती दाढी फुटलेला.
"मिसेस टास्कर, इथे तर अजून नामंजूरच दिसतंय."
इथे म्हणजे कुठे?
"सिस्टिममध्ये."
माझ्या फ्रिजवर मंजूर आहे, मी म्हटलं.
तो हसला नाही. जरा थांबून, हळू आवाजात म्हणाला,
माझ्या आईचंही असंच चाललंय.
मग पुन्हा व्हायोलिन.

मीटरमध्ये अडीनडीची वीज उरलीये, एक पौंड बारा पेन्सची.
निकालाच्या पाठीवरच हिशेब मांडलाय:
पोलीन, एकशे चाळीस.
भाचा गॅविन, साठ. मागत नाही, पण आता फोनही करत नाही.
कोपऱ्यावरचे सेल्वराजा, दूध, पाव, दुखण्याच्या गोळ्या.
ते वहीत लिहीतच नाहीत,
आणि तेच जास्त टोचतं.
बेरजेत हातचा एक धरायचा असतो.
माझ्याच्याने तोही धरवत नाही.

चौदा महिन्यांचं थकलेलं एकदम येईल म्हणे.
रात्री बँकेचं ॲप उघडते, नाकाच्या शेंड्याने,
काचेवर बोट धड टेकत नाही ना.
आकडा तोच. काच तेवढी ओली होते.

परवा दुखणं जरा उतरलं होतं.
वाटलं, बंधाऱ्यापर्यंत जावं, समुद्र बघावा.
नाही गेले.
कुणी चालताना बघितलं तर?

काल बॅझ आला, गोदीतला जुना,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला अख्खा हॅडॉक घेऊन.
पोलीनच्या नातीला हाक मारली, एस्मेला. तेरा वर्षांची.
सुरी तिच्या हातात, मी खुर्चीत.
कल्ल्यामागून घाल. तिरकी. अशी नाही, तिरकी.
आता काट्याचा आवाज ऐक,
सुरी त्याच्यावरून जाते तेव्हा तो टक टक बोलतो,
बोलायचा थांबला की समज, वाट चुकली.
घाई नको गं, मासा कुठे जात नाही आता.
पहिल्या बाजूचं अर्धं मांस काट्यालाच राहिलं.
बॅझ खिडकीबाहेर बघत राहिला, भला माणूस.
दुसरी बाजू बरी निघाली.
माझे हात मांडीवर आपले आपण हलत होते,
मला ते नंतर कळलं.

मध्येच कागदांखाली कुठेतरी फोन वाजला, एकदाच, निरोप आल्यासारखा.
एस्मेने मान वर केली.
मी म्हटलं, सुरीकडे बघ.