पाऊणपट

मी पंपावर बसणारा.
तुमचं हृदय थांबवतात तेव्हा तुमचं रक्त
माझ्यासमोरच्या नळ्यांतून फिरतं,
शुद्धीवर आल्यावर तुम्ही मला ओळखत नाही.
ते असो.
सांगायचंय ते डॉक्टर वासंती तांडेल यांच्याबद्दल,
बेलापूरच्या खाडीवरल्या, दिवाळे गावच्या.

आई मासळी विकायची.
कल्ला उचलून पोरीला दाखवायची:
लाल तर ताजा, तपकिरी तर ठेव खाली.
पुढे बत्तीस वर्षं त्यांनी फुप्फुसं तशीच पाहिली,
आधी रंग, मग रिपोर्ट.
बर्फाचं शिक्षणही तिथलंच. नव्या पोरांना दटावायच्या,
"बर्फ मांसाला थेट लावू नका रे, जळतं.
तीन पिशव्या, मग बर्फ.
पुस्तकात नसेल तर माझ्या आयेला विचारा."

बाप तिथीची पाऊणपट करून
भरतीची वेळ काढायचा.
एकादशी, म्हणजे सव्वाआठ.
होडीत घड्याळ नव्हतं.
"पाण्याला सहा तास मिळतात," त्या म्हणायच्या,
"हृदयाला चार.
त्यातली वीस मिनिटं पाम बीच रोड खातो,
पोलिसांनी सिग्नल धरून ठेवले तरी."

पहिलं प्रत्यारोपण फसलं.
हृदय चाललं, फुप्फुसांत पाणी भरलं.
पहाटे पावणेचारला मी पंप बंद केला.
त्या बाहेर जाऊन नातेवाइकांशी बोलल्या,
परत आल्या, मास्क काढला
आणि मला म्हणाल्या, "जेवलास का?"

मला त्या प्रश्नाचा राग आला होता.
सात वर्षं होता.

मग एकदा त्यांची वही हाती लागली.
शंभर पानी, शाळेची. नावं नाहीत.
तीन रकाने:
कधी थांबलं, कधी सुरू झालं, कधी घरी गेले.
पहिल्या ओळीतला तिसरा रकाना कोरा,
पण तिथला कागद
खोडून खोडून विरलेला.

कोपरखैरण्याचा माथाडी सोपान गोळे
तपासणीला आला तो घाबराघुबरा.
"मॅडम, नात झाली. फोन आला अन् छाती गप्प.
मी काय माणूस ऱ्हायलो नाही का?"
त्यांनी स्टूल ओढलं.
"रक्तवाहिन्या शिवल्या मी, सोपानराव.
मज्जातंतू नाही शिवता येत.
निरोप आता तारेनं जात नाही,
रक्तातून जातो, पायी पायी.
थोडं थांबायचं."
त्यानं तिथंच घरी फोन लावला,
पोरीचं रडणं कानाशी, बोट मनगटावर.
बाहेर पेशंट खोळंबले होते.
चौथ्या का पाचव्या मिनिटाला म्हणाला,
"आली."

परवा त्यांचा निरोप समारंभ झाला.
शाल, नारळ, अंडं नसलेला केक.
संचालकांनी आडनाव तंडेल म्हटलं, दोनदा.
आम्ही रडलो, त्या कोरड्या.
सहाच्या आत गाडी काढून गेल्यासुद्धा.

रात्री फोन आला.
मागे पाण्याचा आवाज, होडीवर होडी घासल्यासारखा.
वेळ सांगत नाही. पौर्णिमा होती,
पाऊणपट तुम्हीच करा.
त्या काही बोलल्या नाहीत, बराच वेळ.
मीही नाही.
नुसता श्वास येत होता, मोठा, तुटक,
आणि मी तो मोजत होतो,
सवय.