दुसरा नंबर

चर्चमागच्या कुरणात तंबू,
आत तुडवलेल्या गवताचा अन् चहाचा वास.
थर्झा कॉबोल्डने थाळीत तीन कांदे मांडले,
माना सुतळीने आवळून,
हेडली बांधायचा तशाच.
ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी पेरले त्यानं.
उपटले हिनं.

एकोणीस वर्षं त्याचा दुसरा नंबर.
पहिला कायम पोस्टातल्या ऑर्विनचा.

यंदा कमिटीत कुजबुज:
देऊन टाकू या का, बिचारीला?
परीक्षकबाईंनी चष्मा पुसला,
एकेक कांदा दाबून पाहिला
आणि निळं कार्ड ठेवलं. दुसरा.

तंबूत कुणी बोलेना.
बाहेर बँडवाले चुकत होते.

थर्झा डोळे पुसत हसली.
"बरं झालं बाई.
नाहीतर म्हणाला असता,
मरावंच लागतं वाटतं
पहिलं यायला."