मापात न बसणारी

कारील. सकाळचे साडेसहा.
ओहोटी अजून पुरती लागलेली नाही.
बादली, दाताळं, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट,
आणि जिभेवर ती पांढरी,
पाण्याशिवायच गिळलेली.

तिला चढायला वीस मिनिटं लागतात.
तेवढ्यात ओब्दूलिया सुनेच्या तक्रारी संपवते.
मग माकडहाडाच्या जरा वर
कुणीतरी दिवा मालवतं,
आणि मी वाकते.
चार तास. नाकासमोर खाडीचा चिखल,
आभाळाकडे पाठ.

एकोणीस वर्षं म्हणत आले,
एवढी ओहोटी निघू दे.
निघत गेली.
पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका म्हणतात.
गोळीनं बरोबर उलटं केलं.
मार्चमध्ये पोटातून काळं पडलं,
आणि डॉक्टर म्हणाले,
पाठीचं देणं पोट फेडतंय, बाई.

मग उशीया. सव्वीस वर्षांची.
तिच्या पाठीला अजून काहीच ठाऊक नाही.
म्हणाली, जमिनीवर पड, गुडघे मोड,
कंबर उचल, श्वास सोड, दहा वेळा.
चिखलात वाकू नकोस, गुडघा टेक.
किती दिवस?
सहा महिने. वर्षही.
आणि नंतरही, दोसिंदा.

मी हसले. मोठ्यानंच.
घरी येताना मात्र आठवलं,
वसंतात आम्ही बी पेरतो तिसऱ्यांचं,
मसुराएवढं,
आणि दोन वर्षं तिकडे हात लावत नाही.
पावसाचं गोडं पाणी येतं, तारामासे येतात,
निम्मं मरतं.
तरी कुणी चिखलाला विचारत नाही, झालं का?

आता पहाटे स्वयंपाकघराच्या फरशीवर.
मांजर येऊन पोटावर बसतं.
सातपर्यंत जातं, आठवं अडतं.
दुखणं आहे तिथेच आहे,
फक्त आता ते मला नावानं ओळखतं
आणि मी त्याला.
कोटाच्या खिशात पाकीट आहे, दोन उरल्यात.
फेकवत नाही.

मंगळवारी डावा बूट
मी उभ्यानं घातला.
भिंतीला हात न लावता.

कुणाला सांगितलं नाही.
एवढीशी तिसरी हाती लागली
तर आम्ही कडीतून घालून बघतो,
आणि सुळकन निसटली
की परत चिखलात ठेवतो,
तोंड मिटलेलं, तशीच.