जोड

एकाच रिळावर दोन्ही, वेंडेलीन.
आधी नऊ मिनिटं ओतिलियाची मान.
मग उरलेल्या शेपटावर रणगाडे.

पटकथेत मान नव्हती.
पटकथेत होतं, ती खिडकीशी उभी राहते
आणि पत्र फाडते.
पत्र मला कुठंच दिसलं नाही.

बुधवारी पहाटे फोन वाजला तेव्हा
कॅमेऱ्यात तेच रीळ होतं, दुसरं कुठून आणणार.
तू चपलांवरच धावलास नदीकडे.
मी खिडकीतून पाहिलं, शेजारचा म्हातारा शिडीवर चढून
रस्त्याच्या नावाची पाटी काढत होता,
परक्यांना वाट सापडू नये म्हणून.
सकाळपर्यंत अख्खं ब्रातिस्लाव्हा बिननावाचं.
आपल्या घरातही तेव्हापासून
कुठली खोली कुणाची, सांगता येत नाही.

लॅबमधल्या कुणीतरी रात्रीतून रीळ धुऊन दिलं.
कोलिबाच्या टेकडीवर, दार आतून लावून
मी टेबलाशी बसले. हातानं फिरवत पाहिलं,
चौकट चौकट.
इतकं सावकाश कुणी कुणाला पाहू नये.
नवऱ्याला तर नाहीच.

तिनं केस वर घेतले तिथं तुझा हात थरथरलाय.
ती थरथर माझ्या ओळखीची आहे.
सत्तावनचा हिवाळा, टाट्रातली ती झोपडी,
स्टोव्हमधलं रॉकेल संपलं
आणि आपल्याला सकाळी कळलं.

मी रागावले नाही.
खोटं. रागावले, घरी आले, बटाटे सोलले,
मीठ दोनदा घातलं.
तू मुकाट्यानं सगळं खाल्लंस.

पण पुढं, रणगाड्यावर एक पोरगा आहे.
नकाशा उलटा धरलाय त्यानं, चौकाला नाव नाही,
टोपी काढून तो मान पुसतो.
उन्हानं सोललेली, विशीचीसुद्धा नसेल ती मान.
आणि तुझा हात तिथंही थरथरलाय.
अगदी तसाच.
मी दोन्ही तुकडे उजेडासमोर धरले.
यातली भीती कोणती आणि ओढ कोणती,
अकरा वर्षं तुझ्याशेजारी झोपूनही
मला सांगता आलं नाही.

आता माझंही सांगते.
जूनमध्ये इग्नात्सला रिकाम्या खोलीचा आवाज हवा होता,
संवादांच्या फटींत भरायला, दोन मिनिटं.
हलू नका, म्हणाला.
मी हलले नाही. तोही नाही.
त्या टेपवर काहीच घडत नाही.
मी ती सतरा वेळा ऐकली आहे.

तो शनिवारी व्हिएन्नाला निघाला. सरहद्द अजून उघडी होती.
रणगाडे इथं राहिले तर जाळतील, म्हणाला.
गाडीत एक जागा आहे, असंही म्हणाला,
पण माझ्याकडे न बघता, टायरकडे बघत.

मग मी कापलं.
जोड द्यायचा तर फिल्मवरचा लेप आधी खरवडावा लागतो,
दोन्ही कडा उघड्या पडल्याशिवाय चिकटत नाहीत,
हे तूच शिकवलंस मला, लग्नाआधी,
माझं बोट धरून.

रणगाड्यांखाली मी ती शांतता लावली,
जूनची, दोन मिनिटांची.
तिकडचे लोक म्हणतील, चौक किती गप्प होता.
इग्नात्सला कळेल. कदाचित नाही कळणार.
डबा त्याच्या मांडीवर ठेवला,
गाडीचं दार मी बाहेरून लावलं.

ओतिलियाची मान पिठाच्या डब्यात आहे,
तळाशी, मेणकागदात गुंडाळून.
जाळणार होते. काडीही ओढली होती.
इतकं चांगलं तू माझ्यानंतर काहीच टिपलं नव्हतंस.

ती नऊ मिनिटं कुठं गेली,
तू अजून विचारलं नाहीस.
मी रोज हलुश्की करते.
पीठ संपत आलंय.